सकुबाई धवलारीण आणि बोलती पेटी

टोकावड्याच्या आसपासच्या वाड्यांमध्ये लग्न ठरलं की एक माणूस मांडवाच्या मेढी तोडायला रानात जाई आणि दुसरा सकुबाईच्या घरी. भटजी मिळाला नाही तरी कुणाचं अडत नसे, पुष्कळ घरांत तो बोलावतच नसत. पण धवलारणीशिवाय हळद लागत नसे. तांदळाच्या पिठाने चौक भरायचा, नवरीला पाटावर बसवायचं, डोंगरांना, पाण्यांना आणि गेलेल्या माणसांना नावं घेऊन आवतण द्यायचं, आणि हे सगळं गाण्यातून करायचं, हे धवलारणीचं काम. त्या गाण्यांना धवले म्हणतात. सकुबाईला ते सासूकडून मिळाले होते, आणि पार सिद्धगडच्या बाजूच्या वाड्यांपर्यंत तिला बोलावणी येत.

तिचा आवाज गोड होता असं कुणी म्हणणार नाही. रिकाम्या हंड्यावर टिचकी मारली की जो निघतो आणि बराच वेळ हवेत राहतो, तसा तो होता. सकाळी मिश्री लावली की तो उघडे आणि मग दिवसभर मिटत नसे. फोटो काढणाऱ्याला ती घाबरे, कॅसेटवाल्यावर चिडे, आणि नवरदेवाकडच्या मंडळींना गाण्यातून अशा काही शिव्या घाली की शिव्या खाणाराच आधी हसे.

धवला एकटीने म्हणायचा नसतो. सकुबाई ओळ टाकी आणि तिची जोडीदारीण बुधी ती ओळ झेली. म्हणजे तीच ओळ त्याच सुरात परत म्हणे. झेलल्याशिवाय पुढची ओळ नाही. ओळ भुईला पडली तर नव्या संसाराला बरं नव्हे, असं दोघींच्या सासवांनी दोघींना बजावून ठेवलेलं. इतकी वर्षं हेच केल्यामुळे त्यांना एक खोडच लागली होती. कानावर काहीही सुरात पडलं की त्या झेलत. मुरबाडच्या बाजारात भाजीवाला “ताजी मेथी घ्या, मेथी” असं ओरडला, तर बुधी हुबेहूब तेच त्याला परत ऐकवी. भाजीवाल्याला वाटे म्हातारी आपली टर उडवते आहे, आणि तो मापात हात आखडता घेई.

अशी ही सकुबाई दोन हंगाम एकाही लग्नाला गेली नव्हती. कारण तिची नात, रविना.

रविना पाच वर्षांची होती. डोळे चांगले, कान चांगले, हसणं तर देवाने अगदी फुरसतीने घडवलेलं. पण ती बोलत नसे आणि हाक मारली तर वळून पाहत नसे. डब्याचं झाकण जमिनीवर गरगर फिरवून त्याकडे ती तासन् तास बघे. ताशा वाजला की कानांवर हात ठेवून भिंतीला चिकटे. काही हवं असलं की रडे किंवा उठून चालू लागे, आणि चालू लागली की ओढा, रस्ता, रान असं तिला काही नसे. तिच्या रडण्याचा कोणता सूर तहानेचा आणि कोणता झोपेचा, हे एकट्या सकुबाईला कळे. तिचा बाप पंढरी आणि आई प्रेमा दिवाळीनंतर सकाळीच वीटभट्टीवर जात, ते दिवस मावळता येत. भट्टीचा हंगाम आणि लग्नाचा हंगाम एकच. म्हणजे ज्या दिवसांत सकुबाईने मांडवात असायचं, त्याच दिवसांत तिने घरी असणं भाग होतं.

वाडीत अंगणवाडी होती. तिथल्या जनाबाईने रविनाला एकदा ठेवून पाहिलं. दुपारी पोरगी ओढ्यात, गुडघाभर पाण्यात बसलेली सापडली. जनाबाईने तिला उचलून आणलं आणि सकुबाईच्या ओटीवर बसून आधी पाणी मागितलं, मग बोलली.

“सकुआजी, माझ्याकडं खोलीभर पोरं हायेत. बाकीची मागतात, रडतात, भांडतात, मला कळतं. हिला काय पायजे तेच कळत नाय. कळलं असतं तर ठेवली असती गो.”

तिचंही चुकत नव्हतं. तेव्हापासून पाणी भरायला जायचं असलं की सकुबाई जुन्या लुगड्याची मऊ पट्टी काढी आणि नातीला ओटीच्या मेढीला बांधून जाई. गाठ मारताना तिच्या तोंडून कधी सूर निघत नसे.

तिसरा हंगाम आला, तो दोन हजार चार सालचा. पौषातच टोकावड्याचा वाळूभाऊ दारात उभा राहिला. त्याच्या मुलीचं लग्न चैत्राच्या शेवटी होतं.

“सकुबाय, पोरीच्या आईची हळद तुमी लावली. हिचीबी तुमीच लावायची. आमची पोरं म्हणतात, धवलारीण कशाला, कॅसेट लावू.”

“कॅसेट?” सकुबाई कडाडली. “कॅसेट उठून नवरीच्या कपाळाला हळद लावल काय रे?”

“म्हणून तर आलो. येताव ना?”

सकुबाईने ओटीकडे पाहिलं. रविना झाकण फिरवत होती.

“होळीपातूर सांगते,” ती म्हणाली.

वाळूभाऊ गेल्यावर बुधी म्हणाली, “सके, यंदा नाय म्हटलंस तर पुढच्या साली तुला कुणी इचारनार नाय. मांडव येकदा कॅसेटीचा झाला का कॅसेटीचाच.”

“मग तू जा येकटी.”

“मी झेलनारी. टाकनारी नसल तर काय हवा झेलू?”

जनाबाईने ही गोष्ट जिच्या कानावर घातली, ती रत्ना. ती आटगावची. मुंबईत राहून विशेष मुलांना शिकवण्याचं शिक्षण घेऊन आलेली आणि शहापुरात एका संस्थेच्या खोलीत अशा मुलांचा वर्ग घेणारी. शनिवारी ती गावांमधून फिरे. शहापूरहून मुरबाड, मुरबाडहून टोकावड्याची एसटी आणि टोकावड्याच्या अलीकडे उतरून पायी, अशी ती वाडीत पोचली. आली ती रविनाच्या शेजारी मांडी घालून बसली आणि पिशवीतून एक झाकण काढून आपणही फिरवू लागली. बराच वेळ कुणाशी अक्षर बोलली नाही.

“ही शिकवाया आली का शिकाया?” सकुबाईने बुधीला विचारलं.

“दोन्ही, आजी,” रत्ना झाकणावरची नजर न काढता म्हणाली.

मग तिने सांगितलं की रविना स्वमग्न आहे, ऑटिझम म्हणतात त्याला. तो आजार नव्हे, तिचं मन वेगळ्या वाटेने चालतं. सकुबाईने आतापर्यंत झालेले सगळे उपाय ऐकवले: देवऋषी, कोंबडा, मुरबाडच्या डॉक्टरचं लाल औषध.

“याला औषध नाही, आजी.”

“मग तू कशाला आलीस गो बाय?”

“बोलायची मोठी वाट तिला सापडत नाही. आपण एखादी पायवाट पाडू.”

पुढच्या शनिवारी ती पायवाट पिशवीत घालून आली. निळ्या रंगाची प्लास्टिकची पेटी, शाळेच्या पाटीएवढी, वर धरायला कडी. तोंडावर चार चौकोन. प्रत्येक चौकोनात एक चित्र सरकवायचं, मागचं बटण दाबून त्या चौकोनासाठी बोलायचं, आणि मग चौकोन दाबला की पेटी तेच शब्द परत बोलते. परदेशातून मुंबईच्या एका संस्थेकडे आणि तिथून रत्नाच्या वर्गात आलेली ती पेटी होती. आत टॉर्चचे सेल लागत.

“ज्यांना तोंडाने बोलता येत नाही, ती मुलं हिच्यावर बोट ठेवून बोलतात,” रत्ना म्हणाली. “पाणी, भाकर, झोका आणि नको, एवढ्या चार गोष्टींपासून सुरुवात करू. पेटी बोलली की ती वस्तू लगेच तिच्या हातात द्यायची. लगेच. म्हणजे तिला उमजेल, दाबलं की मिळतं.”

“येवढंच?”

“एवढंच.”

रत्नाने आधी आपल्या आवाजात भरून पाहिलं. रविनाने ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हा ती म्हणाली, “आजी, तुमचा आवाज तिच्या ओळखीचा. तुम्ही बोला.”

सकुबाईने पदर डोक्यावर घेतला, पेटीला हात जोडले आणि घसा खाकरला. पण आयुष्यात तिने चार माणसांसमोर कोरडं असं काही म्हटलंच नव्हतं. पेटीच्या तोंडाशी वाकल्यावर तिच्या तोंडून निघाला तो धवल्याचाच सूर:

“पाणी गो पाणी, झऱ्याचं पाणी...”

“नुसतं ‘पाणी’ म्हणा, आजी.”

“असं कोरडं कसं बोलायचं? पहिल्यांदा घरात आली ती.”

रत्ना हसली आणि म्हणाली, असू द्या. मग “भाकर गो भाकर, नाचणीची भाकर” झालं, “झोका गो झोका, आंब्याला झोका” झालं. ‘नको’पाशी मात्र सकुबाई अडली. धवल्यात कुणी नको म्हणत नाही, सगळं हवंच असतं. शेवटी तिला आठवलं की नवरी सासरी निघताना आईच्या गळ्यात पडून नको म्हणते. तिने तोच सूर लावला, “नको गो आये, नको गो आता.” त्याचा परिणाम असा झाला की पुढे जेव्हा जेव्हा रविनाचा तळवा त्या चौकोनावर पडे, तेव्हा प्रेमा हातातलं काम टाकून डोळ्यांना पदर लावी. समोर असे नुसती भाताची थाळी, पण सूर माहेर सुटल्याचा.

पेटीचीही थोडी डागडुजी करावी लागली. रविना बोटाने दाबत नसे, अख्खा तळवा मारी, त्यामुळे दोन चौकोन एकदम वाजत आणि पाण्यात भाकर मिसळे. पंढरीने बांबूच्या कामट्या तासून चौकोनांच्या मधोमध उंच कूड बसवलं. रत्नाने त्याची पाठ थोपटली तेव्हा तो इतका लाजला की भट्टीवर जायची वेळ नसताना भट्टीवर गेला.

चित्रांचं काही जमेना. कागदावरच्या भाकरीत रविनाला भाकर दिसत नव्हती. रत्ना म्हणाली, खऱ्या वस्तूचा तुकडा लावून पाहू. तेव्हा झोक्याच्या चौकोनावर दोराचा तुकडा आला, आणि भाकरीच्या चौकोनावर सकुबाईने खरोखरच्या भाकरीचा तुकडा डिंकाने चिकटवला. दुपारी ती चुलीपाशी असताना अंगणातून आवाज आला, “भाकर गो भाकर, नाचणीची भाकर!” हातात भाकर घेऊन ती धावत बाहेर आली. पेटीवर तिची काळी कोंबडी उभी होती. तिने आणखी एक चोच मारली आणि पेटीने पुन्हा भाकर मागितली.

“घ्या!” बुधी पोट धरून हसत म्हणाली. “कोंबडी बोलाया लागली. दे तिला, दे. मास्तरीणबाय म्हणाली ना, लगेच द्यायची!”

सगळी वाडी हसली. प्रेमा हसली नाही. संध्याकाळी चुलीत फुंकर घालताना ती हळूच म्हणाली, “आत्या, कोंबडीला कळलं. आपल्या पोरीला कवा कळल?” सुनेचं बोलणं सकुबाईने ऐकलं. ती उठली आणि भाकरीचा तुकडा काढून तिथे तव्याच्या काळ्या रंगाचं फडकं लावलं.

मग एके दिवशी रविनाने आपण होऊन पेटी दाबली. तळवा पाण्याच्या चौकोनावर पडला. सकुबाई आणि बुधी समोरासमोर बसून तांदूळ निवडत होत्या. पेटी म्हणाली, “पाणी गो पाणी, झऱ्याचं पाणी.” आणि दोघींनी एका श्वासात, मान वर न करता, ती ओळ झेलली.

रविना थांबली. तिने आधी पेटीकडे पाहिलं, मग आजीच्या तोंडाकडे. नजर लावून पाहिलं, जशी ती फक्त फिरत्या झाकणाकडे पाहत असे. पुन्हा दाबलं. पुन्हा दोघींनी झेललं. पोरगी खदखदून हसली. पुन्हा दाबलं. असं ते दिवस कलेपर्यंत चाललं. तांदूळ तसेच राहिले. भट्टीवरून आलेल्या प्रेमाने विचारलं, “आत्या, पाणी दिलं का गो तिला?”

“कवा देऊ? ती थांबली तं देईन ना!”

शनिवारी रत्ना आली तेव्हा सकुबाईने फुशारकीने सांगितलं, “आठवडाभर पाण्याचीच पेटी वाजवते.”

“अरे वा! आणि तुम्ही दर वेळी पाणी देता?”

 मग बुधी म्हणाली, “पाणी कशाला? आमी ओळ झेलतो की. येकबी भुईला पडू दिली नाय.”

रत्नाच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आल्यावर तिने कपाळावर हात मारला. आठवडाभर पोरगी पाण्याचा चौकोन दाबत होती आणि तिला मिळत होतं गाणं. तिच्या लेखी तो चौकोन म्हणजे आजी गाते तो चौकोन. रत्नाला आधी रडू येईल असं वाटलं, मग हसू आलं, आणि ते आवरेना. तिचं पाहून दोघीही हसल्या, कशाला ते नीट न कळताच. हसून झाल्यावर रत्ना गंभीर झाली.

“आजी, दाबल्यावर ती तुमच्याकडे बघते?”

“बघते म्हंजी? डोळा काढत नाय. आणि मी झेलेपातूर थांबते. मधी दाबत नाय.”

“थांबते?” रत्ना पुढे सरकली. “ती दाबते, मग तुमची पाळी येऊ देते, मग पुन्हा दाबते? अहो, एवढं यायला माझ्या वर्गात महिनेच्या महिने जातात. आधी तेच शिकवावं लागतं, एकदा माझं, एकदा तुझं.” मग ती म्हणाली, “गाणं बंद करायचं नाही. पण नुसतं झेलायचं नाही. पेटी पाणी म्हणाली की आधी पेला भरून हातात घ्यायचा, मग सूर लावायचा, आणि ओळ संपताना पेला तिच्या हातात. पेला नाही तर सूर नाही.”

सांगायला सोपं, पण ओळ कानावर पडून गप्प बसायचं, हे त्या दोघींनी उभ्या जन्मात केलं नव्हतं. सकुबाईने तोंडात पदराचा बोळा धरून पाहिला. बुधीने दाढेखाली अख्खी सुपारी धरली. पेटी वाजली, आणि सुपारी थेट अंगणात गेली.

“माझं दात पाडशील गो सके तुझ्या नातीपायी!”

“दोन तर हायेत. पडू दे.”

हळूहळू जमू लागलं. पेला आणि सूर एकत्र निघू लागले. प्रेमा झोक्याचा सूर धरून दोर ओढी. पंढरीसुद्धा, कुणी बघत नाही असं पाहून, भाकर हातात घेऊन म्हशीसारख्या आवाजात झेली. रविना पेला घेई, घोटभर पिई किंवा ओतून देई, आणि पुन्हा दाबी. तिला पाणी हवं म्हणून ती दाबते की गाणं हवं म्हणून, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आणि होळी जवळ येत होती. वाळूभाऊचा निरोप एकदा येऊन गेला होता.

फाल्गुनातल्या एका भर दुपारी सकुबाई ओटीवर पेंगत होती. पेटी म्हणाली, “पाणी गो पाणी.” सकुबाईने डोळे मिटलेलेच ठेवून शेजारचा लोटा उचलला, सूर लावला, ओळ संपवली आणि लोटा पुढे केला. नियमाप्रमाणे सगळं झालं, फक्त लोट्यात पाणी नव्हतं.

रविनाने लोट्यात डोकावून पाहिलं. उलटा केला. एक थेंब नाही. तिने पुन्हा पाण्याचा चौकोन दाबला. सकुबाईला वाटलं, पोरगी रंगात आली आहे, म्हणून तिने डोळे उघडून या खेपेला चांगला वरचा सूर लावला. ओळ अर्ध्यावर असतानाच रविनाने तळवा उचलला आणि शेजारच्या चौकोनावर ठेवला.

“नको गो आये, नको गो आता.”

सकुबाईचा सूर तिथेच अडकला. रविनाने तिच्याकडे पाहिलं, आणि मग सावकाश, कामट्यांच्या कुडातून तळवा नीट आत घालून, तिसऱ्यांदा पाणी मागितलं.

सकुबाईने ती ओळ झेलली नाही. तशी उठली आणि हंड्याकडे धावली. भरलेला लोटा परत येईपर्यंत निम्मा सांडला. रविना घटाघट प्यायली, सगळं, शेवटच्या घोटापर्यंत, आणि लोटा खाली ठेवून झाकण फिरवायला निघून गेली. सकुबाई अंगणात येऊन ओरडली, “बुधे! अगो बुधे! हिनं मला गप केलं गो!”

बुधी कुडाच्या पलीकडून म्हणाली, “इतकी वर्सं मी तेच करतंय. मला नाय जमलं.”

सकुबाईने त्या दिवशी घरातला होता नव्हता तो गूळ वाडीत वाटला. गाणं थांबव म्हणून कुणी सांगितलं आणि त्याबद्दल धवलारणीने गूळ वाटला, असं त्या वाडीत पूर्वी कधी घडलं नव्हतं.

पण हे सगळं आजीच्या समोर. आजी नसताना काय? होळीच्या आदल्या शनिवारी रत्ना म्हणाली, “चला, अंगणवाडीत जाऊ.” तिने पेटीला गळ्यात अडकवायचा पट्टा लावला. रविनाला आत बसवलं आणि सकुबाईला भिंतीच्या मागे नेऊन आपणही तिथेच बसली. “तुम्ही दिसलात तर ती तुमच्याकडेच येईल. काही झालं तरी आवाज करायचा नाही.”

“आवाज नाय,” सकुबाई म्हणाली आणि पदराचा बोळा तोंडात भरला.

आत जनाबाईने आधीच सांगून टाकलं, “मी देईन जे मागल ते. पण गायाची नाय हा. माझा आवाज ऐकून पोरं घरी जातील.”

बराच वेळ काही झालं नाही. पोरं बडबडगीतं म्हणत होती. मग सकुबाईला भिंतीतून स्वतःचाच आवाज ऐकू आला, “झोका गो झोका, आंब्याला झोका.”

“अगो बया,” जनाबाई म्हणाली. “झोका कुठून आणू? भाकर माग, खिचडी हाय.”

पुन्हा झोका. मग पायांचा आवाज. रविना उठली होती आणि दाराकडे निघाली होती, ओढ्याला गेली होती तशीच. भिंतीमागे सकुबाई अर्धी उठली. रत्नाने तिच्याकडे पाहून हात केला, थांबा.

अंगणवाडीच्या तुळईला लहान मुलांच्या वजनाचा काटा टांगलेला असतो, गोल घड्याळासारखा, आणि खाली कापडाची झोळी. जनाबाईने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा तुळईकडे. मग पुढे होऊन तिने रविनाला उचललं आणि त्या झोळीत बसवलं. झोळी हलली. काट्याची सुई गरकन पुढे जाऊन मागे आली. रविनाने वर पाहिलं, आणि फिरत्या सुईकडे पाहून तिला झाकणाहूनही मोठा आनंद झाला. तिने पेटी दाबली आणि वाट पाहू लागली.

पोरंही वाट पाहू लागली. वाडीतल्या एकूण एक पोराला तो सूर आता पाठ होता आणि पुढे काय व्हायला हवं तेही. एक चिमुरडी म्हणाली, “बाई, झेला ना!”

जनाबाईने डोळे मिटले आणि झेललं. तो सूर इतका भयंकर होता की भिंतीमागे सकुबाईने बोळा काढून कानांत घातला. पण झोळी हलली, सुई नाचली, सगळी पोरं ओरडून झेलू लागली आणि रविना हसत सुटली.

थोड्या वेळाने जनाबाई घाम पुसत बाहेर आली. “सकुआजी, ठेवते हिला. काय पायजे ते सांगते की ती. पण काट्याचं आमच्या तपासणीच्या मॅडमला बोलू नका, आणि पंढरीला म्हणावं उद्याच्या उद्या इथल्या चिंचेला झोक्याचा दोर बांध.”

होळीच्या दिवशी वाळूभाऊला निरोप गेला.

चैत्राच्या शेवटी टोकावड्याला हळद होती. सकुबाईने नवं लुगडं नेसलं, पण जाण्याआधी अंगणवाडीत इतक्या सूचना दिल्या की जनाबाईने तिला दाराबाहेर काढलं. हळद लावून संध्याकाळच्या शेवटच्या एसटीने परतायचं आणि दुसऱ्या दिवशी लग्नाला पुन्हा यायचं, असा तिचा बेत होता. बुधी म्हणाली, “हळदीची रात सोडून धवलारीण घरी जाते? ऐकलं नाय कुठं.” सकुबाई म्हणाली, “आता ऐक.”

चौक भरला. दोन हंगाम मिटलेला आवाज पहिल्या ओळीला जरा खरखरला, दुसऱ्या ओळीला मोकळा झाला. ओट्यावर कॅसेट घेऊन बसलेली पोरंसुद्धा आत येऊन बसली. डोंगरांची आवतणं झाली, पाण्यांची झाली. पण दुपार कलली तशी सकुबाई दर दोन ओळींनी दाराकडे पाहू लागली.

“आता तिला झोप आली आसल,” ती पुटपुटली.

“गा गो, गा,” बुधी दात चावून म्हणाली. “नवरीच्या जागी पेटीला हळद लावशील.”

चहाच्या वेळेला जीप चालवणारा संजू मांडवात आला. त्याच्याकडे जनाबाईचा निरोप होता. सकुबाई हळदीच्या हातांनीच उठली.

“काय रे? काय झालं?”

“काय नाय. रविना जेवली. भात नको म्हणाली, खिचडी घेतली. झोपली, उठली, झोका घेतला. आता पाणी मागून प्यायली.”

“आणि माझ्यासाठी? रडली आसल. दाराकडं बघत आसल.”

संजूने आठवून पाहिलं. “नाय. जनाबाय म्हणाली, दाराकडं येकदाबी बघितलं नाय.”

“येकदाबी नाय?”

“नाय.”

सकुबाई खाली बसली. तिच्या चेहऱ्याकडे पाहून नवरीची आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. सकुबाईने तो घेतला. मग तिचे खांदे हलू लागले. बुधीला वाटलं रडते आहे, म्हणून ती जवळ सरकली, तर सकुबाई हसत होती.

“माझ्यावर गेली गो बुधे,” ती म्हणाली. “लग्नाला गेली का मला तरी कवा घर आठवलं?”

मांडवापलीकडे रस्त्यावर शेवटची एसटी येऊन थांबली. कंडक्टरने घंटी दिली. गाडीने हॉर्न वाजवला, आणि मग ती मुरबाडच्या दिशेने निघून गेल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

“गेली तुझी गाडी,” बुधी म्हणाली.

“जाऊ दे. उद्या लगीन लागलं का दुसरी हाय.” सकुबाईने पदर खोचला आणि नवरीच्या आईला हाक मारली. “अगो ये, चहा टाक चांगला गूळ घालून, आणि नवऱ्याकडचं कोन कोन आलंय ते सांग मला. शिव्या द्यायच्या राहिल्यात.”